तेवढा फ्लेक्स काढ

"पेंटर, सुहासचा फोटो हाय ना तुझ्याकडं?" नानाचा, म्हणजे सुहासच्या चुलतभावाचा फोन आला, तेव्हा मी एका वाढदिवसवाल्याच्या गालावरचे डाग पुसत होतो. अंथुर्ण्याच्या चौकात माझं फ्लेक्स छपाईचं दुकान आहे. आमच्या धंद्यात फोटो मागतात तो एकतर वाढदिवसाला, नाहीतर... पण ते दुसरं माझ्या डोक्यात यायलाच तयार नव्हतं. "हाय की! आता कशाचा सत्कार काढलाय?" मी हसतच विचारलं. नाना म्हणाला, "दुकान बंद करून ये. मळ्यात, विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत सापडला. सुई हुती हाताजवळ."

याला आता दीड महिना होत आला. वाढदिवसवाल्याचा फ्लेक्स लागला आणि उतरलासुद्धा. मला मात्र अजून सुहासविषयी 'होता' म्हणवत नाही.

आम्ही शाळेत एका बाकावरचे. तेव्हा मी दुकानांच्या पाट्या रंगवायचो, म्हणून 'पेंटर' हे नाव त्यानंच पाडलं. पुढं कुंचले गेले, फ्लेक्स आले, तरी गावानं नाव काही सोडलं नाही. तो माळेगावकडं ऊसतोडणीच्या यंत्रावर चालक होता. एवढ्या घरघरीतही वर बसून गळा काढून गाणी म्हणायचा, आणि भसाडं गातो म्हटलं की अजून मोठ्यानं म्हणायचा. एका हंगामात यंत्रावरून पडला. कंबर धरली, पण हंगाम बुडवून चालणार नव्हतं. कुणीतरी दुखणं दाबायचं इंजेक्शन दिलं. दुखणं थांबलं, इंजेक्शन थांबलं नाही. मग भर उन्हाळ्यात लांब बाह्यांचे शर्ट आले, तोंड चुकवणं आलं, काम सुटलं, रेखावहिनी माहेरी जाऊन राहिल्या. एकदा व्यसनमुक्ती केंद्रात राहून आला आणि पोळ्याच्या आत पुन्हा घसरला. तेव्हा मी त्याला चारचौघांत नाही नाही ते बोललो. खाली मान घालून त्यानं सगळं ऐकून घेतलं.

दुसऱ्या वेळी मीच त्याला केंद्रात सोडून आलो, आणि काही महिन्यांनी आणायलाही मीच गेलो. गडी ओळखू येईना! गाल भरलेले, डोळे स्वच्छ. तिथल्या समुपदेशक बाई निघताना मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "हा आजार आहे. पाय पुन्हा घसरू शकतो. घसरला तर त्याला ते कुणालातरी लगेच सांगता आलं पाहिजे, तेवढं सांभाळा. कौतुकसुद्धा बेतानं करा." मी हो हो म्हणालो. गाडीत बसेपर्यंत विसरलो.

आणि आमच्याकडं बेतानं कौतुक करतात कुठं? कुणी उपसरपंच झाला, फ्लेक्स. कुणाचा बैल शर्यतीत पळाला, फ्लेक्स. मग माझा दोस्त मरणाच्या दारातून परत आला, रेखावहिनी माहेराहून परत नांदायला आल्या, तर मी गप्प बसू? चांगला वीस फुटी छापला. 'व्यसनाला चारी मुंड्या चीत करणारा अंथुर्ण्याचा वाघ!' मधोमध फेटा बांधलेला सुहास, खाली शुभेच्छुकांच्या ओळी, पहिला चेहरा माझा, कोपऱ्यात माझ्या दुकानाचं नाव. चौकातल्या एसटी थांब्याच्या वर टांगला. चौकात शाल, श्रीफळ, हार, भाषणं. सुहास हात जोडून उभा होता आणि माझ्या कानाशी पुटपुटत होता, "लका, लय हुतंय हे." मी म्हटलं, "गप की. मान ताठ ठेव, व्हिडिओ चालूय."

तेव्हापासून त्याचं नाव गेलं. जो तो 'काय वाघ!' म्हणून हाक मारायचा. चहाच्या टपरीवर, दूध घालताना, मयतीलासुद्धा.

महिन्याभरानं एका दुपारी तो दुकानात येऊन स्टुलावर बसला. छपाईच्या यंत्राकडं बघत राहिला. मग म्हणाला, "पेंटर, तेवढा फ्लेक्स काढ की."

"का रं? मिशी बारीक आली का?"

"तसं न्हाय. काढ तू."

"गणपतीपर्यंत ऱ्हाऊ दे. माझ्या दुकानाची फुकटची जाहिरात हाय ती!"

तो हसला. अर्धा चहा तसाच ठेवून उठला. दारात म्हणाला, "वाघाचं लय आवघड आसतं, गड्या." आणि मी खो खो हसलो. आग लागो त्या हसण्याला. दोनच दिवसांनी नानाचा तो फोन आला.

दहाव्यानंतर रेखावहिनींनी सांगितलं ते असं. तो माझ्याकडं आला, त्याच्या चार दिवस आधीच घसरला होता. वहिनींना त्यानं स्वतःहून सांगितलं होतं. परत केंद्रात जातो म्हणाला, कपड्यांची पिशवी भरून निघाला आणि थांब्यावरून माघारी आला. "म्हणले, त्या फ्लेक्सखाली पिशवी घेऊन कसा उभा राहू? सगळं गाव इचारंल, वाघ कुठं निघाला. पेंटरला सांगतो आदी काढायला, मग जातो." वहिनी रडत नव्हत्या. मला मात्र खाली बघवत नव्हतं आणि वरही.

डॉक्टर म्हणाले, मधल्या महिन्यांत शरीराची सवय मोडली होती. त्यानं माप मात्र जुनंच घेतलं. पुन्हा घसरलेल्यांचा घात असाच होतो म्हणे. केंद्रातल्या बाईंनी हेही सांगितलं असेल. मी ऐकलं कुठं होतं?

श्रद्धांजलीचा फ्लेक्स मीच केला, दुसरं कोण करणार? जुनीच फाईल उघडली. फेटा काढला. खालच्या ओळी, चेहरे सगळे तेच होते. फक्त 'शुभेच्छुक' पुसून 'शोकाकुल' लिहायचं होतं. हात सराईतपणे चालले, त्यांची मला किळस आली. दुकानाचं नाव तेवढं काढून टाकलं.

थांब्यावरचा पहिला फ्लेक्स उतरवून मी दुकानात गुंडाळून ठेवला होता. टाकवेना. परवा वहिनींनीच मागितला. "भावजी, द्या तो. गोठा गळतोय." मी घेऊन गेलो, छपरावर चढलो. पसरताना खालून म्हणाल्या, "तोंड आत करा. लोकांकडं बघून दमले हुते ते. आता गुरांकडं बघू द्या."

तसाच घातला. खाली उतरून आत गेलो, वर पाहिलं. म्हशीच्या डोक्यावर सुहास हसतोय, हात जोडून. खालच्या ओळीत पहिला मी, तोही हसतोय. चौकात हा फ्लेक्स नुसत्या चार सुतळ्यांवर टांगलेला होता. शिडी दुकानातच असते. त्या दुपारी उठून कापल्या असत्या, तर संध्याकाळच्या एसटीनं सुहास केंद्रात गेला असता.