केकी शेठची डॉज आणि आमचे दगाअण्णा

दगाअण्णांच्या दहाव्याला सुरतमधलं आमचं निम्मं लिंबायत आलं होतं. जो तो सांगत होता, माणूस सोनं होता, दुसऱ्याच्या काडीला कधी हात लावला नाही. अण्णा तिथं असते तं उठून बाहेर गेले असते. त्यांची अशी तारीफ चालू झाली की ते चप्पल घालायचे आणि कोपऱ्यावर जाऊन उभे राहायचे, विषय बदलेपर्यंत. बाहेरच्यांना वाटायचं, लाजाळू आहेत. घरच्यांना माहीत होतं कशाची लाज आहे ती. आता ते गेले. जसं त्यांनी सांगितलं तसंच सांगायचं, कमी-जास्त नाही करायचं.

अण्णा मूळचे लूमवरचे कारागीर. कापडाची धूळ छातीत गेली, खोकला लागला, डॉक्टर म्हणे लूम सोड. मंग नानपुऱ्यात एक पारशी म्हातारे होते, केकी शेठ, त्यांच्याकडे ड्रायव्हर म्हणून लागले. शेठकडे जुनी डॉज गाडी होती, एक्कावन सालची. काळी कुळकुळीत, पुढं-मागं सोफ्यासारख्या सीटा, गेर स्टेरिंगलाच. असली गाडी सुरतमध्ये दुसरी नव्हती म्हणतात. शेठच्या बापाने घेतलेली. शेठच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला तवापासून ते गाडी बघायचे कमी आणि हात फिरवायचे जास्ती.

हे काम अण्णांच्या सासऱ्यांना, उखा आबांना, काही पटलं नाही. ते साक्रीकडचे, गावात मान असलेले. लग्नाकार्यात चार माणसांसमोर म्हणायचे, "मी पोर कारागिरले दिन्ही व्हती, गाडी पुसनाराले नही." अण्णांच्या बायको, प्रमिलाकाकू, खाली मान घालायच्या. अण्णा हसून दाखवायचे, पण रात्री जेवायचे नाहीत.

शेठच्या बंगल्याच्या फाटकावर मगन नावाचा वॉचमन होता, ओलपाडकडचा. अण्णा आणि तो एका कपातला चहा दोन बशांत ओतून प्यायचे. मगनला त्या गाडीचं भारी वेड. आयुष्यात एकदा पण बसला नव्हता तिच्यात, पण आवाज ऐकून सांगायचा, आज खूश आहे, आज नाराज आहे.

चौऱ्याण्णव साली सुरतमध्ये प्लेग आला तवा शेठ बहिणीकडे नवसारीला गेलेले होते. चावी अण्णांकडे. "रोज चालू करजे दगा, नहीं तो बेटरी मरी जशे," एवढं सांगून गेले होते.

त्या दिवसांत काय झालं ते ज्यांनी पाह्यलं त्यांनाच माहीत. लूम बंद, दुकानं बंद, सगळ्यांच्या तोंडाला रुमाल. स्टेशनात पाय ठेवायला जागा नाही, माणसं बसच्या टपावर. अण्णा बायको-पोरं घेऊन सासऱ्यांच्या गावाची बस धरायला गेले, पण लेकीला, योगिताला, ताप होता. साधाच ताप. पण त्या दिवसांत तापाची पोर बघून कोण चढू देणार? एका बाईने तं पिशवीने ढकललं काकूंना.

मंग अण्णा नानपुऱ्याला गेले.

शेठचा नवसारीचा नंबर त्यांच्या खिशात होता. एसटीडीच्या दुकानावर लाईन होती हे खरं, पण अण्णा म्हणायचे, लाईन नसती तरी मी फोन केला नसता. विचारलं आणि ते नाही म्हणाले, तं मंग गाडी नेता आली नसती. म्हणून विचारलंच नाही.

मगनने फाटक उघडलं. "क्यां जाय छे?"

"पेट्रोल भरून येतो," अण्णा म्हणाले.

मगनने डॉजच्या आवाजाला कान दिला आणि म्हणाला, "आज खूश छे हं तारी राणी." आणि फाटक पूर्ण उघडलं.

काकूंनी लिंबायतच्या नाक्यावर गाडी बघितली तवा एकच विचारलं, "शेठले इचारं व्हतं ना?" अण्णा म्हणाले, "हो ना, बस तू."

बारडोली, व्यारा, सोनगड. रस्त्यावर ट्रकच ट्रक, माणसांनी भरलेले. कोंडाईबारीच्या घाटात गाडी तापली, दोनदा थांबवून पाणी घातलं. पोरगा चेतन सातेक वर्षांचा, त्याला वाटलं आपण सहलीला चाललो. खिडकीतून हात हलवत होता सगळ्यांना.

गावाच्या शिवेवर लोक काठ्या घेऊन उभे होते. सुरतहून आलेल्याला गावात घ्यायचं नाही, शाळेत ठेवायचं, असं ठरलेलं. शाळेच्या ओट्यावर लिंबायतचीच माणसं बसलेली होती, अण्णांच्या ओळखीची, पोराबाळांसकट. काठीवाल्यांच्या पुढं कोण, तं उखा आबाच.

आबांनी गाडी पाह्यली. मंग आतला जावई पाह्यला. "गाडी कोनी शे?"

मागं योगिता शालीत गुंडाळलेली होती, अंग तापलेलं. अण्णांनी शाळेकडं बघितलं. फुटकी कौलं, खाली ओल. आणि तोंडातून निघून गेलं, "आपलीच शे, आबा. शेठनी दिन्ही."

आबांचा चेहराच बदलला. एक जण मागून कुरकुरला, "सुरतनाच शेतस ना हाई बी, शाळामा ठेवा."

आबा त्याच्यावर खेकसले, "मोटारमा बठीसन प्लेग येस का रे? सर बाजूले!"

अशी ती गाडी गावात गेली आणि बाकीचे शाळेतच राहिले. आबांच्या बायकोने बोनेटवर कुंकवाचा सातिया, म्हणजे स्वस्तिक, काढला, नारळ फोडला. आबा पारावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, जावयाची आहे, विलायती आहे. इतकी वर्षं खाली घातलेली मान काकूंनी त्या दिवशी वर केली. अण्णा म्हणायचे, ती मान वर बघून माझं तोंड अजूनच शिवलं गेलं.

योगिताचा ताप दुसऱ्या दिवशी उतरला. साधाच होता. अण्णा प्लेगवरच्या टेट्रासायक्लिनच्या गोळ्या खाऊन दुपारभर मेल्यासारखे झोपले. आणि ते झोपलेले असताना त्यांचा मेहुणा धर्मेंद्र, गावातल्या दुकानांच्या पाट्या रंगवायचा, त्याने ऑइलपेंटचा डबा काढला.

अण्णा उठून बाहेर आले तं गाडीभोवती पोरांची गर्दी. बोनेटवर पिवळ्याधमक अक्षरात "चेतन – योगिता". दोन्ही बाजूंना कमळ. मागं डिकीवर "आई-वडिलांचा आशीर्वाद". आणि कोपऱ्यात बारीक, "धर्मेंद्र आर्ट".

"कशी शे, दाजी?" धर्मेंद्र ब्रश पुसत म्हणाला. "पैसा नको हां माले. भाचास्नं नाव शे."

आपल्यात रिक्षा घेतली, टेम्पो घेतला, की पहिलं पोरांचं नाव टाकतात. त्याने प्रेमानेच केलं. अण्णा म्हणाले, "चांगली शे." आणि घरात जाऊन भिंतीकडं तोंड करून बसले. तोवर त्यांच्या मनात होतं की गपचूप नेऊन गॅरेजमध्ये लावू, कोणाला कळणार नाही. आता ते संपलं.

पुढं एक दिवस काकूंनी भाकरी करून दिल्या, शाळेतल्या लोकांना द्यायला. अण्णा घेऊन गेले. तिथं लिंबायतचे बाबुराव नवेच आलेले होते, साऱ्यांच्या मागून निघालेले. भाकरी मोडत बाबुराव म्हणाले, "दगा, तुना शेठनी गाडी चोरीले गयी ना रे! शेठना भाचा ऊना व्हता गाडी लेवाले, तं गॅरेज खाली. पोलिसे वॉचमनले लई ग्यात. लई मारं म्हने त्याले."

अण्णा भाकरीच्या फडक्याची घडी घालायला लागले.

"बरं जयं तू पह्यलेच निंघी ऊना," बाबुराव म्हणाले. "तठे व्हतास तं तुलेच धरतात."

अण्णा घरी आले ते पाय ओढत. एक गोष्ट त्यांना चालता चालताच कळली होती. फाटक मगनने उघडलं होतं. गाडी कोणी नेली हे त्याला माहीत होतं. त्याने एक नाव घेतलं असतं तं पोलीस आतापर्यंत या गावात आले असते. आले नव्हते. म्हणजे मगन मार खात होता आणि नाव घेत नव्हता.

असं कळल्यावर माणूस लगेच उठेल, असं आपल्याला वाटतं. अण्णा उठले नाहीत. तो दिवस गेला, दुसरा पण गेला. पारावर आबा जावयाचं कौतुक सांगत होते आणि अण्णा शेजारी बसून मान डोलवत होते. हे पण अण्णांनीच सांगितलं. गाडी नेली त्याचं एवढं नाही, म्हणायचे, पोर आजारी होती. पण ते दोन दिवस मी कोणासाठी बसलो? सासऱ्यासाठी.

शेवटी काकूंनीच ओळखलं. मध्यानीला गाडीजवळ गाठलं आणि पुन्हा तेच विचारलं, "शेठले इचारं व्हतं ना तुम्हीन?"

या वेळी अण्णांनी मान हलवली, नाही म्हणून. काकू आत गेल्या, रॉकेलची बाटली आणि जुनं लुगडं घेऊन आल्या आणि बोनेट घासायला लागल्या. अण्णा पण घासायला लागले. रंग वाळलेला. नावं काही जाईनात, नुसती फिसकटली, काळ्या गाडीवर पिवळे फराटे.

"काय करी राह्यनात?" मागून आबा आले. "नाव काबरं पुसतस?"

काकू घासतच राहिल्या. अण्णांनी सांगितलं. सगळं सांगितलं, मगनचं पण. आबा शिव्या देतील असं अण्णांना वाटलं, द्याव्या असंच वाटत होतं. आबा एवढंच म्हणाले, "मी तठे काठी लिसन उभा व्हतू. त्या लोकेसले शाळामा घालं मी." आणि वळून शाळेकडं गेले. त्या संध्याकाळी गावाने शाळेतल्या पोराबायांना घरात घेतलं, आबांनी सांगितलं म्हणून. पण अण्णांशी आबा पुढं मरेपर्यंत धड बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी पहाटे अण्णा एकटे निघाले. सगळं जग सुरतकडून येत होतं आणि ते सुरतला चालले होते. कडोदऱ्याला पोलिसाने हात केला. अण्णांनी गाडी थांबवली, मनात म्हणाले, झालं. पोलिसाने नाकावरचा रुमाल खाली केला, बोनेट वाचलं आणि हसला.

"सब भाग रहे हैं और तू आ रहा है? बारात में गया था क्या?"

"साहेब, ये गाडी..."

"अरे जा जा, पीछे लाईन लगी है!"

नंबरसुद्धा बघितला नाही त्याने. धरलं असतं तं बरं झालं असतं, अण्णा म्हणायचे. चौकीची पायरी स्वतः चढावी लागली.

आत जमादार बसला होता. अण्णा म्हणाले, "केकी शेठ की गाडी लाया हूँ."

"मिल गई? कहाँ मिली?"

"मेरे पास थी." घाट चढून साक्रीकडं नेल्याचं अण्णांनी सगळं सांगितलं.

बाकावर मगन बसला होता. पाय सुजून चपलेत मावत नव्हते. त्याने अण्णांकडं बघितलं आणि मान फिरवली.

नवसारीला फोन केला. दुपारनंतर भाचा शेठना घेऊन आला. भाचा तापलेला, केस करा म्हणत होता. शेठ सरळ गाडीपाशी गेले आणि बोनेटवर हात फिरवला. बोटांना रंगाचे कंगोरे लागले.

"आ शुं लख्युं छे?" त्यांनी विचारलं.

अण्णांनाच वाचावं लागलं. "चेतन. योगिता."

"कोण?"

"मेरे बच्चे, शेठ."

"जिवतां छे?"

"हो शेठ."

शेठने हात काढला, रुमालाने पुसला. जमादाराला म्हणाले, गाडी मिळाली, तक्रार नाही. मंग अण्णांच्या दिशेला तोंड करून गुजरातीत म्हणाले, "मला विचारलं असतंस तं मी नाही म्हटलं असतं का रे?" अण्णांनी चावी त्यांच्या हातावर ठेवली. "आता येऊ नको," शेठ म्हणाले. भाचा डॉज घेऊन गेला.

त्या दिवशी अण्णांना ना कोणी मारलं, ना कोंडलं. सगळं मगनने खाल्लं होतं.

मगनला सोडलं. रिक्षा नाही, बस नाही, रस्त्यावर कुत्रं नाही. त्याने चपला हातात घेतल्या आणि लंगडत निघाला. अण्णा मागून गेले, वाकून पाय धरायला गेले तं त्याने पाय मागं घेतले. "रहेवा दे, दुखे छे."

"नाव का नाही घेतलंस माझं?" अण्णांनी विचारलं.

"पेट्रोल भरीने आवुं छुं, एम कह्युं हतुं ने तें?" मगन म्हणाला. "मने थयुं, आज आवशे. पछी थयुं, काले आवशे." आज नाही तं उद्या येईल, म्हणून तो थांबला होता.

अण्णांनी त्याच्या हातातल्या चपला घेतल्या आणि खांदा दिला. या वेळी मगनने घेतला. बंद दुकानांच्या कडेने दोघं नानपुऱ्याकडे चालले. थोडं पुढं गेल्यावर मगनला राहवलं नाही, त्याने विचारलं, "एटले दूर गई? घाट चढी? गरम नहीं थई?"

"झाली," अण्णा म्हणाले. "दोनदा पाणी घातलं."

"पछी?"

अण्णा तिथंच फुटपाथवर खाली बसले, मगनच्या चपला हातात धरून.