कात्रण नंबर ४१

गेल्या रविवारी शहापुरात, माझ्याच घरात, माझी चांगली जिरली. रिटायर होऊन चार महिने झालेत. सगळी नोकरी कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये गेली, त्यामुळे घरातला पसारा डोळ्यांत खुपतो... आणि तोंड गप्प बसत नाही.

आमच्या बायकोला, सुनंदाला, गोधड्यांच्या डिझाइनचा नाद. नव्वद सालापासून मुरबाडच्या बहिणीकडून तिला जुनी मासिकं येतात, की ही लगेच कात्री घेऊन बसते. एवढ्या वर्षांत गोधड्या शिवल्या सात-आठ, कात्रणं मात्र शंभराच्या घरात!

आणि ती ठेवायची कुठे? तर ट्रंकेतल्या जुन्या कपड्यांत. स्कूटर पुसायला फडकं शोधत होतो, तर माझ्या फाटक्या लेंग्यातून मासिकाचं पान पडलं. परकरात दोन पानं, मुलाच्या शाळेच्या शर्टात एक... डोकंच फिरलं माझं.

आमची मुलगी प्रज्ञा वाशिंदला असते, तिला आठवा लागलाय. सुनंदा दोन दिवस तिच्याकडे गेली आणि मी संधी साधली.

सगळे कपडे झटकून कागद बाहेर काढले. चौकटी एकीकडे, चांदण्या एकीकडे, फुलं-पानं एकीकडे. मळके, फाटके कोपरे कात्रीने सरळ केले, पंच मारला, टॅग लावला, बॉक्स फाइलवर लेबल. वर एक रजिस्टर... अनुक्रमांक, विषय, शेरा. एकूण चौऱ्याण्णव कात्रणं. जेवायचंही भान नव्हतं, खरं सांगतो.

रविवारी दुपारी सुनंदा आली. मी फाइल टेबलावर मांडून कौतुकाची वाट बघत बसलेलो. तिने ट्रंक उघडली, माझ्या आईची पांढरी साडी काढली, उलगडली, झटकली... परत झटकली.

"यातला कागद कुठाय?"

"फाइलमध्ये. नंबर सांग, अर्ध्या मिनिटात काढून देतो."

"नंबर मला काय म्हाइत!" ती खालीच बसली. "अहो, काय केलंत तुमी हे..."

मग कळलं. आई जाऊन दोन वर्षं झाली. शेवटच्या आजारात एका दुपारी सुनंदा कात्रणं चाळत होती, तेव्हा आईने एकावर बोट ठेवलं होतं. प्रज्ञाला मूल झालं की माझ्या साडीची अश्शी गोधडी शिव, म्हणाली. साडी कुठली, तर दर पौर्णिमेला विहारात जाताना नेसायची ती. सुनंदाने तो कागद तिथल्या तिथे साडीत घडी घालून ठेवला.

सगळ्याच कागदांचं तसं होतं. ज्या कपड्याची गोधडी शिवायची, त्या कपड्यात तिचं डिझाइन. मी ज्याला पसारा म्हणत होतो, तीच तिची फाइल होती... आणि ती मी दोन दिवस खपून मोडली होती.

तरी माझा हेका सुटेना. म्हटलं, "अगो, पण डिझाइन कुठलं ते आठवत असेल ना?"

"आठवायचं कशाला? साडीत होता ना तो!"

चिडलो. साधी चिठ्ठी लावायला काय झालं होतं हिला? मग तिच्या डोळ्यांत पाणी दिसलं आणि सगळा राग माझ्याकडे वळला. आईची शेवटची एक इच्छा, ती मी नीटनेटकेपणाच्या हौसेपायी घालवली होती.

तिने फाइल दोनदा चाळली. "ही असंल... नाय, ही नसंल." मला करायला काहीच नव्हतं, म्हणून रजिस्टर उघडलं. शेऱ्याचा रकाना वाचत खाली आलो. पान फाटले. तेलाचा डाग. चहाचा डाग.

आणि एक्केचाळीसपुढे, माझ्याच अक्षरात... "कोपऱ्यावर बोटाएवढा तपकिरी डाग. कापला."

आई दिवसातून चार वेळा बोटाने दातांना मशेरी लावायची. तिचं ते बोट कधी कोरडं, स्वच्छ आम्ही पाहिलंच नाही. उशीला, भिंतीला, माझ्या शाळेच्या वह्यांना, सगळीकडे तो ठसा असायचा, आणि मी त्यावरून तिच्यावर आयुष्यभर खेकसलो.

एक्केचाळीस नंबर काढला. मोठ्या साध्या चौकटी, कडेला बारीक त्रिकोण. सुनंदाने पान साडीच्या जुन्या घडीत ठेवून पाहिलं, बरोबर बसलं. "हीच," म्हणाली. मग डोळे पुसून मला म्हणाली, "परत माझ्या कपड्यांना हात लावाल तर बघा."

नाही लावणार. साडीचे तुकडे कापून झालेत, आता धावदोरा सुरू आहे. पाळण्यापर्यंत गोधडी पुरी होईल म्हणते. उरलेले त्र्याण्णव कागद ती आठवेल तसे ज्याच्या त्याच्या कपड्यात परत ठेवतेय आणि मी मुकाट्याने टॅग सोडून देतोय.

तो कापलेला कोपरा मात्र त्याच दिवशी केरात गेला. तो काही परत येणार नाही.

कचेरीचा नियम होता, नोंद चुकली तर खरवडायची नाही. तांबड्या शाईची एक रेघ मारून वर दुरुस्ती करायची आणि सही करायची. काल एक्केचाळीसपुढच्या 'तपकिरी डाग'वर तशी रेघ मारली... वर लिहिलं 'आईचं बोट'... आणि सही केली.