शाईची खरखर

शाई घोटणाऱ्या दगडाची खरखर सुरू झाली की दुकानाबाहेरचं परळ मला ऐकूच येत नाही. शाई म्हणजे तबल्यावरचं ते काळं वर्तुळ. लोखंडाची बारीक भुकटी आणि भाताची खळ कालवायची, थरावर थर द्यायचा, दगडानं घोटत राहायचं. घोटता घोटता तिच्यात केसाहून बारीक भेगांचं जाळं पडतं, आणि त्या भेगांतूनच नाद मोकळा होतो. खळ किती, भुकटी किती, हे वस्तादांनी माझ्या कानात सांगितलं. चौथीपुढची शाळा मी पाहिली नाही, पण हे प्रमाण मी कोणाच्या बापाला कळू दिलं नाही. कालवायची वेळ आली की दिनकरच्या हाती किटली द्यायची आणि त्याला चहाला धाडायचं. तीस वर्षं तो माझ्या शेजारी बसून चामड्याच्या वाद्या ओढतो, आणि तीस वर्षं मुकाट चहाला जातो.

माझी नात सायली आकाशगंगांचं काम करते. दुर्बिणीतल्या नव्हे! संगणकात आरंभीचा वायू मांडायचा, गुरुत्वाकर्षणाचे नियम घालायचे, आणि युगानुयुगांत त्यातून आकाशगंगा कशा घडतात ते गणितानं पाहायचं. परवा जेवताना तिनं चित्र दाखवलं : काळोखात तेजाच्या तंतूंचं जाळं.

"ही तर माझी शाई!" मी म्हणालो.

ती हसली. "आजोबा, हे सगळं आम्ही इंटरनेटवर ठेवलंय. कोणीही उतरवून घ्यावं."

नुसती चित्रं नव्हेत, मूळ आकडे. वर ते कसे वाचायचे याची टिपणंही!

"एवढी मेहनत आणि दार सताड उघडं? डोकं ठिकाणावर आहे ना गं?"

"आम्हाला एकट्यांना त्यातलं सगळं दिसत नाही, आजोबा. मागं परदेशातल्या एका मुलीनं आमच्या मोजणीतली चूक काढली."

आणि हे सांगताना पोरगी खुशीत! मी ताटावरून उठलो.

पण ते बोलणं कुसळासारखं रुतून बसलं. तुम्हाला म्हणून सांगतो, यंदा माझा हात कापतो. थर कुठे जाड बसतो, नाद बद्द येतो. गिऱ्हाईक तोंडावर बोलत नाही, फक्त पुन्हा येत नाही. हिचं अख्खं ब्रह्मांड जगाला मोकळं, आणि माझी वाटीभर शाई माझ्याबरोबर चितेवर? त्यात मान तो कसला?

काल भुकटी काढली. दिनकर सवयीनं किटली घेऊन उठला.

"ठेव ती. बस इथं."

"काय झालं दादा? बरं नाही काय?"

"बस म्हटलं ना!"

बसला. मी कालवत राहिलो, तो पाहत राहिला. मग हळूच म्हणाला, "दादा, खळ जरा पातळ झालीय."

पहिल्यांदाच बघतो आणि मला शिकवतो! माझे कान तापले. बोट बुडवून पाहिलं. पातळच होती.

वाडगा मी त्याच्यापुढे सरकवला, किती काय ते सांगितलं आणि किटली उचलली. नाक्यावर पोचेपर्यंत मागून दगडाची खरखर येत होती. बाहेरून ती कशी ऐकू येते, हे मला इतक्या वर्षांत माहीतच नव्हतं.