बटणं काढून दिलेले कपडे

टाचणीमावशी दानाचे कपडे विकते, ही बातमी गल्लीत कुणी पसरवली असं विचाराल तर बोट माझ्याकडेच दाखवा. पूर्ण नव्हे, अर्धंच. मी एवढंच म्हटलं होतं, की कोपऱ्यावरच्या मुलांच्या घरासाठी आपण दिलेली गाठोडी आधी हिच्या शिलाईच्या दुकानात तीन-तीन दिवस मुक्काम करतात. पुढचं तिखटमीठ गल्लीनं लावलं.

खरा प्रकार तिच्या दुकानात बसल्यावर कळला. आमच्या गल्लीत जुना कपडा देण्याआधी त्याची बटणं कापून डब्यात ठेवायची पद्धत. कधीतरी लागतील म्हणून! माझ्याकडे असे तीन डबे आहेत. आजवर एक बटण लागलेलं नाही. तर ही बाई त्या प्रत्येक शर्टाला पदरची बटणं लावायची, मगच तो पुढे पाठवायची.

तोंडात सदा टाचण्या, म्हणून हे नाव. बोलणं ‘हं’ आणि ‘उंहू’वर उरकायचं. नवरा गेल्यापासून वीस वर्षं तेच मशीन, तीच खिडकी. हिच्याशी भांडायचं तर आधी हिच्या तोंडातल्या टाचण्या मोजाव्यात, असं मीच म्हणत असे.

कोपऱ्यावरच्या त्या घरात एक संस्था अकरा पोरापोरींना सांभाळायची. कुणाला घरच्यांनी हाकललेलं, कुणी मार खाऊन पळून आलेलं. त्यातली सतरा वर्षांची लंबू दुपारी मावशीकडे काजं करायला शिकायची. तिची पहिली काजं एवढाली, की त्यातून बटण काय, बटाटा गेला असता! मावशी ती निमूट उसवायची आणि परत करायला लावायची. काकाच्या घरातून का पळालीस, हे तिनं कधी विचारलं नाही. पोरीच्या हातांवरचे डाग मात्र पाहिले आणि तिच्या फ्रॉकला बाह्या लांब शिवून दिल्या.

मग घरमालकानं खोडा घातला. या पोरांना आमची हरकत नाही, अशा गल्लीतल्या तीस घरांच्या सह्या आणा, नाहीतर महिनाअखेर जागा रिकामी करा. संस्थेला दुसरी जागा मिळेना. तिथल्या ताई मावशीला म्हणाल्या, “बाकीच्यांची कुठेतरी सोय लावू. पण लंबूचा काका तिला मागतोय. जागाच नसली तर आम्ही कुठल्या तोंडानं नाही म्हणायचं?”

मावशी कागद घेऊन दारोदार फिरली. कधी नव्हे ते टाचण्या दुकानात ठेवून.

“पोरं गुणाची आहेत हो, पण सही म्हणजे... आमच्या ह्यांना विचारते.”

“मावशी, ब्लँकेटं हवीत का? चार देतो,” दातांचे डॉक्टर म्हणाले.

“मला नको त्या भानगडीत पाडू,” पोस्टमन म्हणाला. हा दिवसभर दुसऱ्यांच्या सह्या घेत हिंडणारा माणूस!

माझ्याकडे आली तेव्हा मी म्हटलं, “अगं, चष्माच सापडत नाही बघ. उद्या ये.”

चष्मा माझ्या डोक्यावर होता. तिनं तो पाहिला. ‘हं’ म्हणाली आणि गेली. उद्या आली नाही.

सात सह्या झाल्या. त्यातली एक तिचीच.

महिनाअखेरीला टेम्पो लागला. लंबू धावत दुकानात आली आणि मावशीच्या हातात एक शर्ट ठेवला. सहा काजं, एकसारखी, एकही धागा सुटलेला नाही. मावशी तोंडातल्या टाचण्या काढेपर्यंत काका दारात आला. “चल, उशीर होतोय,” म्हणाला आणि लांब बाहीवरून पोरीचा दंड धरून घेऊन गेला. मी हे सगळं माझ्या खिडकीतून पाहिलं. तेव्हा चष्मा डोळ्यांवर होता.

ते घर अजून बंद आहे. लंबूची काही खबर नाही. मावशीनं दोनदा निरोप धाडला, उत्तर आलं नाही.

गेल्या आठवड्यात मी एक गाठोडं बांधून तिच्याकडे नेलं. म्हटलं, “दुसऱ्या कुठल्या संस्थेला दे गं. चांगले कपडे आहेत, फाटका एकही नाही.”

तिनं वरचा शर्ट उचलला आणि पुढच्या पट्टीवरून बोट फिरवलं. कापलेले धागे लोंबत होते. सवयीनं कापली होती हो, मुद्दाम नाही. तिनं एकेक टाचणी तोंडातून काढून उशीला टोचली. पाच होत्या. मग म्हणाली,

“घर मागितलं तर तुम्ही कपडे दिलेत. तेही बटणं काढून.”