ओल्या मनुका

आमचं वाईन शॉप कोपरीत आहे, ठाणे स्टेशनच्या पूर्वेला. परवाना आधी सासऱ्यांच्या नावावर होता, मग नवऱ्याच्या, आता माझ्या. मी चौथीपर्यंत शिकले. बाटलीवरचं इंग्रजी मला येत नाही, पण कुठल्या लेबलवर घोडा आहे आणि कुठल्यावर जहाज, एवढं लक्षात ठेवलं की धंदा होतो. नवरा गेल्यावर लोकांना वाटलं, ही आता दुकान विकून गावाला जाईल. तेरावं झालं आणि चौदाव्या दिवशी मी शटर वर केलं. गावाला जाऊन मी काय करणार होते?

या धंद्यातली एक गोष्ट मला पहिल्या वर्षीच कळली. आपल्या गल्लीतून बाटली कोणी घेत नाही. कोपरीतला माणूस बाळकुमला जातो, बाळकुमचा कुठे जातो ते देव जाणे, आणि डोंबिवलीची बरीचशी चांगली घरं माझ्याकडे येतात. ठाण्याला कामाला असतात, संध्याकाळी पूर्वेला उतरतात, बाटली घेतात, पिशवीत वर मेथीची जुडी ठेवतात आणि पुढची गाडी पकडून घरी जातात. एक गृहस्थ तर जुडी बरोबर घेऊनच यायचे. मी एकदा म्हटलं, "दादा, ही मेथी गेल्या आठवड्यातलीच आहे का? पिवळी पडलीय." तेव्हापासून ते पालक आणतात.

नाताळाच्या दिवसांत दुकानाला मजा असते. वर्षभर ज्यांनी वाईन विचारली नाही, ती माणसं लाल वाईन मागायला येतात. कोणाच्या जावयाला हवी असते, कोणाच्या ऑफिसातल्या साहेबाला द्यायची असते. स्वतःसाठी कोणालाच नको असते. एका तरुण मुलाने मला विचारलं, "आजी, ही थंड करून प्यायची की तशीच?"

"ग्लासात ओतून प्यायची," मी म्हटलं. मला काय माहीत. मी कधी चाखलेली नाही. माझ्याकडे कामाला जो माणूस आहे, सावंतवाडीकडचा, नवऱ्याच्या वेळेपासूनचा, तोही पीत नाही. दोघंही न पिणारे, म्हणून दुकान टिकलंय असं मला वाटतं.

दिवाळी झाली की आमचं कॅलेंडर निघतं. पंचांगवालं, वर लक्ष्मीचं मोठं चित्र. खाली आमचं नाव, पत्ता आणि फोन. पण नावात वाईन हा शब्द नाही. माझ्या नवऱ्याने एका वर्षी हौसेने 'वाईन शॉप' छापलं होतं. ती कॅलेंडरं गठ्ठ्याने परत आली. वाईनवाल्याचं कॅलेंडर कोण स्वयंपाकघरात लावणार? पुढच्या वर्षी त्याने नुसतं 'स्टोअर्स' लिहिलं आणि सगळी संपली. तेव्हापासून कॅलेंडरवर आम्ही स्टोअर्स आहोत, पाटीवर वाईन शॉप. डोंबिवलीतल्या कितीतरी स्वयंपाकघरांत आमच्या लक्ष्मीसमोर दुधाचा हिशेब आणि संकष्टी लिहिलेली असते.

गेल्या वर्षी दिवाळी उलटल्यावर एक मुलगी आली. मुलगी म्हणजे पस्तिशीची असेल. भर दुपारी, गिऱ्हाईक नसताना, आणि तरी दोनदा दुकानावरून पुढे जाऊन परत आली.

"मावशी, रम आहे का?" एवढ्या हळू विचारलं की मला ओठांवरून समजून घ्यावं लागलं.

"आहे की, रमची अख्खी फळी आहे. कुठली देऊ?"

"कुठलीही. प्यायला नकोय हो. केकसाठी आहे."

हे मी पूर्वीही ऐकलं होतं, आणि खोटंही ऐकलं होतं. पण हिचं खरं होतं. ती डोंबिवलीची. मूल झाल्यावर नोकरी सुटली, मग घरी केक करायला लागली. वाढदिवसाचे केक गल्लीत सगळेच करतात, म्हणून तिने नाताळचा केक धरला. बाळकुमच्या एका मोठ्या कॉम्प्लेक्समध्ये तिची शाळेतली मैत्रीण राहते, तिने तिथल्या सगळ्या बिल्डिंगींची ऑर्डर मिळवून दिली होती. मनुका, खजूर, अंजीर महिनाभर रममध्ये भिजवायचे, मग केक. नवऱ्याशी बोलणं झालं होतं की हा नाताळ साधला तर नवीन घेतलेला मोठा ओव्हन ठेवायचा, नाही साधला तर विकायचा आणि नोकरी बघायची.

"मग अडचण काय आहे?"

"सासूबाई. त्यांना अंड्याचासुद्धा चालत नाही. मी बिनअंड्याचा करते, तेवढंच त्या विचारतात. रमचं कळलं तर ओव्हनसकट मला बाहेर काढतील."

"बरणी कुठे ठेवणार?"

"स्वयंपाकघरात, वरच्या फळीवर. मेवा पाकात भिजवणार म्हणून सांगितलंय."

मी तिला बाटली कागदात गुंडाळून दिली आणि नवीन आलेलं कॅलेंडरही दिलं. ती म्हणाली, सासूबाईंना मोठ्या अक्षराचं हवंच होतं.

मार्गशीर्ष सुरू झाला. मार्गशीर्षातले गुरुवार माझ्या धंद्याला थंड जातात. घरोघरी बायकांचे उपास, घट मांडलेले, त्या दिवशी पुरुषांची हिंमत होत नाही. ते बुधवारीच येऊन जातात. त्या मुलीचा विषय माझ्या डोक्यातून गेला होता.

शेवटचा गुरुवार झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी, अकराच्या सुमाराला, दुकानासमोर रिक्षा थांबली. माझ्या वयाची एक बाई उतरली. इस्त्रीची सुती साडी, चष्मा, हातात कापडी पिशवी. काउंटरवर दोघंतिघं उभे होते, ते आपोआप बाजूला झाले. बाईंनी पाटी वाचली, मला बघितलं, पुन्हा पाटी वाचली.

"अहो, इथे एक स्टोअर्स आहे ना? रिक्षावाल्याने भलतीकडे उतरवलं बहुतेक."

"कुठलं स्टोअर्स?"

त्यांनी पिशवीतून कॅलेंडरचं पान काढलं. जुन्या वर्षाचा डिसेंबर जोडून येतो ते पान. खाली आमचा पत्ता.

"हेच ते," मी म्हटलं.

"नाही हो. मनुकांचं दुकान. माझी सून तिथून सामान आणते, ओल्या मनुका करायला. कॅलेंडरसुद्धा तिथलंच."

माझा माणूस खोकायला लागला. मी त्याला म्हटलं, पाणी पी. मग काउंटरची फळी वर केली आणि बाईंना आत घेतलं. बसायला रिकामा क्रेट दिला, दुसरं काही नसतं आमच्याकडे. बाईंनी क्रेटवर आधी रुमाल पसरला.

"काय पाहिजे ते नीट सांगा," मी म्हटलं.

त्यांनी आवाज खाली आणला. "सूनबाईने केकसाठी मेवा भिजवलाय. उपासाला मनुका-खजूर चालतात, म्हणून पहिल्या गुरुवारी मी चमचाभर घेतला. फार छान लागला. दुसऱ्या गुरुवारी वाटीभर घेतला. आता बरणी अर्ध्यावर आलीय आणि तिची ऑर्डर आठवड्यावर. तिला कळायच्या आत भरून ठेवायचीय. तर तशाच मनुका द्या, भिजवलेल्या."

"वास नाही आला?"

"आला की. मला वाटलं त्या केकवाल्यांचा कसला इसेन्स असेल."

"आणि चव?"

"घशाला जरा गरम लागायचं. थंडीत बरं वाटतं." मग म्हणाल्या, "खरं सांगू का, या चार गुरुवारी मला जेवढी झोप लागली तेवढी वर्षभरात लागली नसेल. गुडघेसुद्धा गप्प. मला वाटलं, या वर्षी देवी पावली."

मला गोड बोलता येत नाही आणि मी बोललेही नाही. "बाई, ती रम आहे," मी म्हटलं. "महिनाभर रममध्ये भिजलेल्या मनुका खाल्ल्यात तुम्ही. बाटली मीच दिली."

त्या समोरच्या फळीवरच्या बाटल्या बघत राहिल्या. बाहेर कोणीतरी बियर मागितली, माझ्या माणसाने दिली, पैसे घेतले.

"उपासाला," त्या म्हणाल्या.

"हो."

"चारही गुरुवार."

"तुम्हीच म्हणालात चार."

मग त्यांना राग आला. रागाने त्या एकदम तरुण दिसायला लागल्या. "फसवलं मला तिने. माझ्या घरात, माझ्या फळीवर दारू ठेवली. आज गेल्यावर पहिली ती बरणी मोरीत ओतते."

"ओता," मी म्हटलं. "पण तिने तुम्हाला खा म्हणून सांगितलं होतं का?"

"नाही."

"तुम्ही तिला विचारून घेतलंत का?"

"नाही."

"आणि आज ती कुठे आहे?"

"बाळकुमला गेलीय, डब्यांचं माप घ्यायला." थोडं थांबून म्हणाल्या, "रात्री जागून कागदाच्या पिशव्या चिकटवते. पोराला मांडीवर घेऊन."

ओतायची की नाही ते त्यांचं त्यांनी ठरवायचं होतं. बरणी त्यांच्या फळीवर होती.

तेवढ्यात काउंटरवर एक गिऱ्हाईक आलं. केस काळे केलेला, पाठीला लॅपटॉपची बॅग, दर शुक्रवारी येणारा. माझ्या माणसाने त्याला लांबूनच बघितलं होतं, त्यामुळे तो पोचेपर्यंत त्याची बाटली कागदात गुंडाळून काउंटरवर तयार. गृहस्थाने हात पुढे केला आणि त्याची नजर आत क्रेटवर गेली.

हात तिथेच राहिला.

"काकू? तुम्ही इथे?"

बाई ताठ बसल्या. "कॅलेंडर न्यायला आलेय. दरवर्षी इथलंच लावते."

"अच्छा," तो म्हणाला. "मीपण कॅलेंडरच."

"साहेब, ही तुमची नेहमीची," माझा माणूस म्हणाला आणि बाटली थोडी पुढे सरकवली. त्याला काही कळलं नव्हतं असं नाही. तो सावंतवाडीचा आहे.

साहेबांनी त्या बाटलीकडे असं बघितलं की जणू कोणीतरी रस्त्यात चप्पल विसरलंय. "नाही, नाही. माझी नाही. कॅलेंडर द्या फक्त."

मी त्याला लक्ष्मीचं कॅलेंडर गुंडाळून दिलं, वर रबर लावलं. तो गेला तो कोपऱ्यावरच्या शहाळेवाल्याकडे जाऊन पाठमोरा उभा राहिला.

"आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी," बाई म्हणाल्या. "एकतीस तारखेला गच्चीवर कोणी दारू पिताना दिसलं तर कारवाई, म्हणून यानेच नोटीस लावलीय. गच्चीला कुलूपही यानेच घातलंय." आणि त्यांना हसू फुटलं. आधी पदर तोंडाला लावून, मग पदर बाजूला ठेवून. माझा माणूसही हसला. मीही हसले असेन.

हसून झाल्यावर त्यांनी डोळे पुसले आणि चष्मा लावला. "आता नव्याने भिजवल्या तर होतील का हो आठवड्यात?"

"मनुका रममध्ये मंद आचेवर कोमट करायच्या, उकळू द्यायच्या नाहीत, झाकून ठेवायच्या. चार-पाच दिवसांत मुरतात. आमच्या मागच्या आळीत एक ख्रिस्ती बाई राहायची, ती उशीर झाला की असंच करायची."

"गॅसजवळ नको ना नेऊ बाटली?"

"बाटली लांब ठेवा. आणि घरात कोणी नसताना करा. वास सुटेल."

"उद्या ती पोराला घेऊन माहेरी जातेय कल्याणला. जमेल." त्यांनी कापडी पिशवी उघडून धरली. "द्या एक. तीच द्या, तिने नेलेली."

मी बाटली गुंडाळली. त्यांनी ती पिशवीच्या तळाशी आडवी ठेवली आणि वर कॅलेंडर उभं केलं. काउंटरच्या फळीपाशी थांबून म्हणाल्या, "तिला सांगू नका."

"मी कोणाचं कोणाला सांगत नाही. सांगायला लागले तर दुकान बंद करावं लागेल."

"आणि माझा उपास? तो मोडला की राहिला?"

"ते मला काय विचारता? गुरुजींना विचारा."

"गुरुजींना कसं विचारू," त्या म्हणाल्या आणि रिक्षाला हात केला. रिक्षा वळल्याबरोबर सेक्रेटरी शहाळं अर्धं टाकून परत आला. त्याची बाटली तिथेच होती.

नाताळ गर्दीत गेला. सव्वीस तारखेला ती मुलगी आली, या वेळी सरळ काउंटरवर, दुकानावरून पुढे न जाता. डोळ्यांखाली काळं, पण चेहरा उजळ. बाळकुमची सगळी ऑर्डर वेळेवर गेली, वर नवीन वर्षासाठी आणखी केक मागितलेत, ओव्हन राहतोय. माझ्यासाठी केकचा एक चौकोनी तुकडा आणला होता, बटर पेपरमध्ये.

"मावशी, मला भीती होती मेवा कमी पडेल. शेवटी शेवटी बरणी खाली गेल्यासारखी वाटत होती. पण काढायला गेले तर काठोकाठ. सासूबाई बसून खजूर चिरायला लागल्या माझ्याबरोबर. कधी नव्हे ते."

"बरं झालं."

"मुरला की मेवा फुगत असेल ना?"

"फुगत असेल," मी म्हटलं आणि केक तोंडात घातला. रमचा पदार्थ मी पहिल्यांदाच खाल्ला. काही मनुका पार विरघळलेल्या होत्या, काही जरा दाताला लागत होत्या. चांगला होता. मी सगळा खाल्ला.

तिने दुसरी बाटली घेतली आणि जाता जाता म्हणाली, "सासूबाई म्हणतायत, पुढच्या वर्षी भिजवलेली बरणी फळीवर ठेवायची नाही. त्यांच्या खोलीत, त्यांच्या कपाटात. म्हणतात, फळीवर लहान मुलांचा हात पोचतो."

"मुलगा केवढा आहे तुझा?"

"दीड वर्षाचा."

मी तिला पुढच्या वर्षी मोठी बरणी घे म्हणून सांगितलं.