मामांनी अवेळी उघडलेलं पेव

मामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी साताऱ्यात, बँकेतल्या माझ्या टेबलावर पेपरातले शेअरचे भाव बघत होतो. सांगायला लाज वाटते, पण फोन ठेवल्यावरही नजर थोडा वेळ त्याच ओळीवर अडकून राहिली... घेऊ की विकू, हा माझा जन्माचा आजार. त्यातून मला कुणी थोडंफार बरं केलं असेल, तर ते हरिपूरच्या या मामांनी.

मामा हळदीचे व्यापारी. सांगलीजवळ हरिपुरात त्यांची पेवं होती, म्हणजे जमिनीत खोल खणलेली कोठारं. हळद भरायची, तोंड मातीनं लिंपून बंद करायचं आणि भाव येईपर्यंत वर्ष-दोन वर्षं तिकडं बघायचंही नाही. एकदा उघडलं की मात्र सगळा माल बाहेर काढायचा. त्यामुळं कधी उघडायचं, एवढाच काय तो विचार, आणि त्यात मामांचा हात धरणारा गावात कुणी नव्हता. पेठेत भाव पडला की बाकीचे येरझाऱ्या घालायचे, मामा ओसरीवरच्या आपल्या सतरंजीवर निवांत पान जमवत बसायचे. माझ्यासारख्या घाबरटाला त्याचा भारी हेवा वाटायचा.

ब्याण्णव साली शेअर चढू लागले तसा मी मामांच्या मागं लागलो. मामींच्या हृदयाची झडप खराब झाली होती. उन्हाळा सरता सरता मिरजेत ऑपरेशन करायचं ठरलं होतं आणि त्यासाठी मामांनी एक पेव विकून पैसे बाजूला ठेवले होते. ते नुसते पडून राहणार, हे माझ्या शहाणपणाला सहन होईना. मामांनी माझ्या शब्दावर शेअर घेतले. भाव खरोखरच चढले. एप्रिलात त्यांचा बँकेत फोन आला.

"इकू का रं आता? तारीख जवळ आलीया."

"मामा, पंधरा दिवस थांबा. अजून चढतंय."

"तुला त्यातलं कळतंय. थांबतो."

पंधरा दिवस व्हायच्या आत बाजार कोसळला. माझं जेवण सुटलं. पहाटे स्टँडवर जाऊन पेपरच्या गठ्ठ्याची वाट बघत उभा राहायचो. डोळ्यांपुढं जिना चढताना धापा टाकणाऱ्या मामी... शेवटी एका रविवारी हरिपूर गाठलं. मामा विक्रीच्या फॉर्मवर सह्या करत होते.

"निम्मे तरी ठेवा, मामा. भाव परत येईल."

"उघडल्यावर निम्मं ठिवत न्हाईत. सगळं काढायचं."

"मग कमी पडणारे पैसे?"

"त्ये भागतंय. तू आधी जेव. लय वाळलायस."

ऑपरेशन झालं, मामी वाचल्या. ते शेअर नंतर आणखी पडले. मी माझे धरून बसलो होतो, ते अजून कपाटात आहेत. 'भागतंय' म्हणजे कसं भागलं, हे मात्र मी मामांना कधीच विचारलं नाही. माझी छातीच झाली नाही.

दिवसकार्य उरकल्यावर एका दुपारी ओसरीवर मामी एकट्या होत्या, तेव्हा धीर करून विचारलं.

"हळद इकली की. त्याच म्हयन्यात भरल्यालं पेव. तोंडाची माती बी वाळली नव्हती."

हळदीचा भाव तेव्हा तळाला होता. पुढच्या वर्षी तो चांगलाच वाढला, हे सगळ्या सांगलीला माहीत आहे. उभ्या आयुष्यात अवेळी पेव न उघडलेल्या माणसानं माझ्या पंधरा दिवसांपायी ते उघडलं होतं. मला रडू आवरेना.

"तुला सांगायचं न्हाई म्हणाले हुते. पोरगं हाय खाऊन बसंल म्हणून," मामी म्हणाल्या. "दवाखान्यातनं आल्यावर मी लय भांडले. म्हटलं, एवढी हळद मातीमोलानं दिलीत. तर हसले. म्हणाले, तू हितं बसून भांडतीयास न्हवं? लय चांगला भाव आला."

मी डोळे पुसत मामींच्या शेजारी, मामांच्या सतरंजीवर टेकायला गेलो. मामींनी माझा दंड धरला आणि मला पलीकडच्या बाकड्यावर बसवलं.