तळघरातली टाकी

जगातल्या यच्चयावत प्रश्नांचं मूळ घर कशावर तापवायचं यातच आहे, असं ठामपणे मानणारा एकच माणूस मला माहीत आहे आणि तो नेमका माझ्या समोरच्या घरात राहतो. न्यू जर्सीत, आयसेलिनजवळच्या आमच्या गल्लीत या निवृत्त इंजिनिअरला सगळे नुसतं 'काका' म्हणतात. काकांच्या तळघरात ऑइलवर चालणारा एक अवाढव्य बॉयलर आहे. घर तोच तापवतो, नळाचं पाणीही तोच. शेजारी त्याची तेलाची काळी टाकी. गल्लीत गॅसची लाइन येऊन जमाना झाला, आम्ही सगळ्यांनी जोडून घेतली, काका अजून तुलना करतायत.

ही तुलना ते कुठेही करतात. कुणाकडे पहिल्यांदा गेले की बूट काढून थेट तळघराचा जिना उतरतात, आणि यजमानीणबाई पोह्यांची बशी घेऊन मागोमाग. एका साखरपुड्यात त्यांनी मुलाच्या वडिलांना "तुमच्याकडे गॅस की ऑइल?" असं इतक्या गंभीरपणे विचारलं, की ते बिचारे गोत्र विचारल्यासारखे सावरून बसले. गॅसबद्दल तर ते सांगून आलेल्या स्थळाबद्दल बोलावं तसं बोलतात. "स्वच्छ आहे, शांत आहे, काजळी नाही, टाकीला जागा नको. सगळं मान्य. पण अरे, येतो कुठून, जातो कुठे, घरदार काही माहीत आहे का?" ऑइल मात्र घरातलं. त्याला वास येतो, धुराडं दरवर्षी साफ करावं लागतं, पण आच मोठी, पाणी झटकन तापतं आणि मुख्य म्हणजे माल आपल्या डोळ्यांसमोर असतो. टाकीवरच्या काट्यावर त्यांचा विश्वास नाही. कलिंगड निवडावं तशी ते बोटांनी टाकी वाजवतात आणि कान लावून आत तेल किती ते सांगतात.

काकू गॅसच्या पक्षाच्या. "माझ्या शालूंनासुद्धा ऑइलचा वास येतो. यांचा निर्णय होईपर्यंत सूर्य विझेल," असं त्या काकांच्या देखत सांगतात, आणि काका सूर्याच्या इंधनावर बोलायला लागतात.

गेल्या वर्षी काकूंच्या गुडघ्यांनी असहकार पुकारला आणि दूर दक्षिणेत प्लेनो गावी राहणाऱ्या मुलीनं धोशा लावला, घर विका, आमच्याकडे या. तिच्याकडे खालच्या मजल्यावर खोली तयार होती. काकांचं उत्तर एकच, "आधी गॅस की ऑइल ते ठरू दे, मग विकायचं बघू." मुलगी मला फोनवर म्हणाली, "दादा, ही इज जस्ट स्टॉलिंग, नुसते टाळतायत. तू तरी समजाव ना यार." मी समजवायला गेलो आणि ज्वलनाच्या कार्यक्षमतेवर व्याख्यान ऐकून परत आलो.

दरवर्षी पानं गळायला लागली की काका टाकी काठोकाठ भरून घेत. या वर्षी त्यांनी ती पावच भरली. मी कारण विचारलं तर म्हणाले, "बघू." काकांनी एका शब्दात उत्तर दिलेलं मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं, आणि खरं सांगतो, घर विकायचं ठरतंय की काय अशी मला शंका आली.

दिवाळीला मुलगी, जावई, नातवंडं आणि जावयाची शॉमबर्ग गावची घरची मंडळी अशी भरगच्च वरात आली. नरकचतुर्दशीच्या पहाटे मी फराळाला गेलो तेव्हा अभ्यंगस्नानांचा धडाका चालू होता. काकू एकेकाला तेल-उटणं लावून वर पाठवत होत्या. कारिटं मिळाली नाहीत म्हणून नातवंडं चेरी टोमॅटो फोडत होती, आणि शॉवरखाली गेली की बाहेर यायचं नाव घेत नव्हती. काकांनी ऑइलचा अंदाज दोन म्हाताऱ्या माणसांचा धरलेला. दिवाळीची पहिली आंघोळ हा इंधनाचा विषय आहे हे त्या इंजिनिअरच्या डोक्यातच आलं नव्हतं! सगळ्यांचं आटोपून शेवटी काकू उटणं लावून नळाखाली हात धरतात तोच तळघरात बॉयलरनं एक उचकी दिली आणि तो गप्प झाला. काका खाली धावले. त्यांनी टाकी वाजवली. ती रिकाम्या डब्यासारखी खणखणली.

"बाबा, धिस इज इट," मुलगी म्हणाली. "आई गारठतेय. आजच घर विकायला लिस्ट करू या."

काका वाद घालतील म्हणून आम्ही सगळे थांबलो.  पण त्यांनी सत्यनारायणाच्या प्रसादाचं मोठं पातेलं काढलं, विजेच्या शेगडीवर पाणी तापवलं आणि फडक्यानं धरून जिना चढू लागले. एका बाजूनं मी धरलं. मागून मुलगी आली.

न्हाणीघराच्या दारातून काकूंचा आवाज आला, "अहो, ऑइलच्या टँकरवाल्याला फोन केलात का?"

"करतो. पाव टाकी सांगू?"

"पाव कशाला? पूर्ण भरा."

 काका म्हणाले, "अगं, पण तुला तर गॅस..."

"गॅसचं मी बघते पुढच्या वर्षी. आत्ता पाणी आणा."

मुलीनं आईकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, "नंबर काय आहे त्यांचा, बाबा?"

दुपारी टँकर आला. काका नव्या कुर्त्यात टँकरच्या नळीशेजारी उभे होते. मला म्हणाले, "गॅस रोजचा रोज येतो रे, तो पुढचं काही कबूल करत नाही. टाकी भरली की कसं, एवढा हिवाळा आपण इथे आहोत, हे ठरतं."

आता सकाळी समोरच्या धुराड्यातून धूर दिसला की मी चहाचं आधण ठेवतो. काका येतात, तुलना सुरू होते. मी हिरिरीनं गॅसची बाजू घेऊन त्यांच्याशी भांडतो आणि भांडता भांडता मनात धास्ती असते, की एखाद्या दिवशी त्यांना ती पटेल.